डायरेक्ट

चातुर्मासातला रविवार, चार वाजून दहा मिनिटं,
ग्रिलचा तांबडा दिवा लागला नाही.
त्रिशलानं कच्च्या केळ्याचं सारण करून ठेवलेलं.
आमच्याकडे बटाटा नाही, कांदा तर नाहीच,
आणि दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नाही.
म्हणजे माझ्या हातात पावणेतीन तास.

पुतण्या म्हणाला, टाका भंगारात, नवं मागवतो,
मंगळवारपर्यंत विश्रामबागेत पोच.
इलाही वायरमन फोनवर म्हणाला,
काका, आतला फ्यूज काढा, डायरेक्ट करा,
दोन मिनटाचं काम.

तीन स्क्रू साधे होते.
चौथा रबरी पायाखाली दडलेला, तीन कोनांचा,
म्हणजे कंपनीला वाटत होतं
आत कुणी बघू नये.
जुना पेचकस कानशीवर घासून घासून
त्याच्या मापाचा केला.

आत काय होतं :
पावाचा चुरा, वर्षभराचा.
एक चीजचा थेंब, सागरगोट्यासारखा घट्ट.
मुंग्यांची एक जुनी वाट, आता कुणी न जाणारी.
आणि काचदोऱ्याच्या नळीत
तांदळापेक्षा थोडा मोठा
एक थर्मल फ्यूज.

मीटर टेकवला. कॉइल बोलली.
थर्मोस्टॅट बोलला.
फ्यूज गप्प.
उलटा करून टेकवला. गप्प.

चार इंच तार पुरली असती.
ती तशी माझ्या हाताला पाठच आहे.

कुपवाडची फाउंड्री, रात्रपाळी.
कोअर ओव्हनचा कटआउट सारखा उडत होता,
पहाटे कोल्हापूरचा ट्रक भरायचा होता,
सुपरवायझर घड्याळाकडं बघत होता, माझ्याकडं नाही.
मी तार वळवली. ओव्हन गपगुमान चालला.
साडेतीनला मल्लू हिंगमिरेनं दार उघडलं.

चौकशीत त्यानं सांगितलं, कटआउट जुनाच होता साहेब.
तेवढंच.
तार कुणी काढली, केव्हा काढली,
हे त्यानं मला आजवर विचारलं नाही.
त्याच्या डाव्या मनगटाची कातडी
उन्हात अजून निराळी चकाकते.
दर उन्हाळ्यात कवठेमहांकाळहून
त्याच्या मळ्यातले किलोभर बेदाणे येतात,
हिरवे, लांबट, काडी न काडी निवडलेले.
मी खातो ते.

गणपती पेठेत एकच दुकान अर्धं शटर उघडून बसलेलं.
तीस रुपयाला एक. मी दोन घेतले.
दुकानदार म्हणाला, एवढ्यासाठी कशाला, डायरेक्ट करायचं ना.
मी सुटे पैसे मोजत राहिलो.

पहिला मीच जाळला.
डाग द्यायला गेलो, इस्त्रीची धग
पायातून वर चढली,
आणि बसायच्या आधीच बिचारा
आपलं काम करून मोकळा झाला.
मला हसू आलं. मग आलं नाही.

दुसऱ्याला पक्कडीत धरलं,
ओल्या बोळ्यानं त्याचे पाय गार ठेवले,
पोराला लस टोचताना धरतात तसं.
डाग बसला.

वर बघितलं तर खिडकीत उजेड संपत आलेला.
त्रिशला ताट धुऊन पालथं घालत होती.
दहीभात खाल्ला, म्हणाली, थांबले असते,
पण ऊन कुठं थांबतंय.

प्लग लावला. तांबडा दिवा लागला.
आतला उरलासुरला चुरा जळाल्याचा वास सुटला
आणि ती दारात येऊन उभी राहिली,
पदर नाकाला, डोळे दिव्यावर.
इलाही दोन मिनटाचं म्हणत होता की, ती म्हणाली.
हो, मी म्हणालो.
मग एवढा वेळ कशाला लागला?

केळ्याचं सारण फ्रीजमध्ये होतं.
बेदाण्याची बरणी फळीवर, अर्धी.
शर्टाच्या खिशात दोन मेलेले फ्यूज,
एक त्याच्या वेळेला गेलेला, एक माझ्या हातानं.

बस जरा, म्हणालो.
आणि ग्रिलचा प्लग काढला.